डब्यातला मेला

माझा आवाज चांगला आहे असं मला आजवर दोघांनीच सांगितलं. एक मी स्वतः, आणि दुसरे आमच्या दवाखान्याचे ट्रस्टी. ट्रस्टींना एका कानाने ऐकू येत नव्हतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

दवाखाना शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर होता. बारा खाटा पुरुषांच्या, बारा बायकांच्या, मधे व्हरांडा आणि व्हरांड्याच्या तोंडाशी केसपेपरची खिडकी. त्या खिडकीत मी बसायचो. लोक तापाने फणफणत यायचे आणि मी त्यांना वय विचारायचो. वय कोणाला ठाऊक नसायचं. मग मी चिडायचो, ते चिडायचे, आणि शेवटी मी माझ्या मनाने पंचेचाळीस लिहायचो. आमच्या रजिस्टरात अर्धा तालुका पंचेचाळीस वर्षांचा होता. थोडक्यात, रेडिओ सुरू होण्याआधीही लोकांना मी आवडत नव्हतो. रेडिओमुळे ही नावड खिडकीपुरती राहिली नाही, खाटेपर्यंत पोचली एवढंच.

झालं असं, की नव्वदचं दशक संपत आलं असताना ट्रस्टी मुलाकडे परदेशी गेले आणि तिथे त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तिथल्या इस्पितळात म्हणे उशाशी रेडिओ होता, फक्त त्या इस्पितळापुरता. गावातलीच माणसं हौसेने येऊन तो चालवायची, पेशंटची विचारपूस करायची, त्याच्या आवडीचं गाणं लावायची. ट्रस्टी परतले ते हे वेड घेऊनच. औषधाने दुखणं जातं, पण माणसाला उभारी येते ती आपुलकीचा आवाज कानावर पडला की, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उभं करून सांगितलं. त्यात चूक काहीच नव्हती. आपुलकीचा आवाज म्हणून त्यांनी मला निवडलं, तेवढं चुकलं. गावच्या कबड्डीच्या सामन्यांना मी माइकवर बोलायचो, ही माझी लायकी.

एक ॲम्प्लिफायर आला, एक माइक, एक टेप आणि प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर दोन-दोन लाकडी स्पीकर. आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो, पेशंट डबा म्हणायचे. डब्याला बटण नव्हतं. आवाज कमी-जास्त करायची खुंटी माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर. परदेशात पेशंटला कंटाळा आला तर तो कानातलं यंत्र काढून ठेवायचा. आमच्याकडे त्याला कानच काढून ठेवावा लागला असता.

डॉक्टरांचा राउंड संपला की अकरा ते बारा मी बोलायचो. 'रुग्णबंधू-भगिनींनो, सुप्रभात,' असं अकरा वाजता. आदल्या दिवशी पोटाला टाके पडलेल्यांना मी खदखदून हसण्याचे फायदे सांगितले. काविळीच्या पेशंटना श्रीखंड कसं करतात ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुरुषांच्या वॉर्डातल्या डब्यावर कोणीतरी गोधडी बांधली. मी आवाज वाढवला. त्यांनी दुसरी गोधडी बांधली. हेड सिस्टर वीस वर्षं त्या दवाखान्यात होत्या. गोधड्या बांधल्यापासून त्या मला 'निवेदक साहेब' म्हणायला लागल्या. त्यात आदर शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

बायकांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर तेव्हा एक बाई होती. टोकावड्याच्या वर डोंगरात तिची वाडी. हिरड्याच्या दिवसांत झाडावर चढली, फांदी मोडली, आणि उजव्या मांडीचं हाडही मोडलं. डॉक्टरांनी पायाला पट्ट्या चिकटवून, खाटेच्या टोकाला कप्पी लावून, दोरीने वाळूची पिशवी टांगली होती. सहा आठवडे असंच उताणं पडून राहायचं. मधे उठली तर हाड आखूड जुळणार, पाय लंगडा होणार, आणि लंगड्या पायाने वाडीची वाट चढता येणार नाही. वाट दीड तासाची, उभी. घर वर, बाजार खाली, एसटी खाली. ती वाट गेली की घर गेलं, मग कुठेतरी खाली दुसऱ्याच्या पडवीत दिवस काढायचे.

डॉक्टरांनी तिला हे सांगितलं होतं, सिस्टरांनीही सांगितलं होतं. तिला ते पटलेलं नव्हतं. तिच्या वाडीतली एक बाई पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात नेली होती ती परत आली नव्हती, तेव्हा आपल्यालाही इथे मारूनच टाकणार असा तिचा अंदाज होता. दर आठवड्याला तिचा दीर यायचा आणि म्हणायचा, चल गो वैनी, आपला हाडं बसवणारा काय मेला नाय अजून. सिस्टर त्याला दारातून हाकलायच्या. तो दुसऱ्या दारातून यायचा.

याच सुमाराला मला निरोपाचा कार्यक्रम सुचला. बरा होऊन घरी निघालेल्या पेशंटला डब्यातून दोन गोड शब्द बोलायचे. पहिला मान धसईच्या एका गृहस्थाला मिळाला. टायफॉइडने पंधरा दिवस पडला होता, आता गाठोडं घेऊन बायकोबरोबर फाटकापर्यंत पोचला होता. मी म्हणालो, आपण पुन्हा अवश्य या, आम्ही आपली वाट पाहू.

तो फाटकातून वळून थेट माझ्या खिडकीवर आला.

"परत येऊ? सोन्यासारखा बरा होऊन चाललोय, नि तू वाट बघनार? काय वैर हाय रे तुझं नि माझं?"

त्याची बायको फाटकाशीच उभी होती. तिने माझ्याकडे बघत कडाकडा बोटं मोडली, दोन्ही हातांची.

सिस्टर म्हणाल्या, दवाखान्यात कोणाला 'या' म्हणत नाहीत एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. खरंच कळायला हवं होतं. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. घरचेही 'जा' न म्हणता 'ये' म्हणतात. ही सवय इतकी हाडात मुरलेली, की दवाखान्याच्या दारात ती शिवी होते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं. 'या' नको तर नको. दुसऱ्या दिवशी बायकांच्या वॉर्डातल्या आठ नंबरच्या मावशी घरी निघाल्या. मी माइक जवळ ओढला, आवाजात शक्य तेवढा जिव्हाळा भरला आणि म्हणालो, "आठ नंबरच्या मावशी आज आपल्या सगळ्यांना सोडून गेल्या."

मावशी त्या वेळी मागच्या नळावर पाय धूत होत्या. त्यांच्या दोन लेकी व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांनी जो हंबरडा फोडला तो ऐकून पुरुषांच्या वॉर्डात एकाने छताकडे बघून हात जोडले. रडारड ऐकून, कोण गेलं म्हणून मावशी स्वतःच ओल्या पायांनी धावत आल्या, आणि त्यांना दारात बघून लेकींनी दुसरा हंबरडा फोडला.

इथवर ही गोष्ट मी अनेक लग्नांत सांगितली आहे आणि लोक पोट धरून हसतात. पुढचं मी लग्नात सांगत नाही.

सात नंबरच्या बाईने अर्ध्या तासापूर्वी आठ नंबरला आपल्या शेजारी वेणी घालताना बघितलं होतं. ती आपल्या पायांनी बाहेर गेली होती. आणि आता भिंतीतून आवाज आला की ती गेली. म्हणजे खाट आणि नळ यांच्यामध्ये कुठेतरी या लोकांनी तिला संपवली. तिने वाकून दोरीची गाठ सोडली. वाळूची पिशवी धपकन खाली पडली. ती खाटेवरून उतरली, दोन पावलं फरफटत गेली आणि दारात कोसळली. तिची किंकाळी ऐकली तेव्हा लेकींचं रडणं आपोआप थांबलं.

एक्स-रे काढला. हाड सरकलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा जागेवर आणलं, पिशवी पुन्हा टांगली. तिचे अकरा दिवस झाले होते, ते पाण्यात गेले. मोजणी पुन्हा एकपासून. डॉक्टर मला रागावले नाहीत. नीट जुळलं तर जुळलं, आता सांगता येत नाही, एवढंच म्हणाले आणि निघून गेले. रागावण्याचं काम सिस्टरांनी घेतलं. माझी बाही धरून त्यांनी मला त्या खाटेपाशी नेलं आणि बाईला म्हणाल्या, बघून घ्या, हाच तो.

बाई उताणी पडून माझ्याकडे बघत राहिली. तोवर तिने फक्त माझा आवाज ऐकला होता.

"तूच का रे तो डब्यातला मेला?"

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि घाबरल्यामुळे तोंडातून माइकवरचाच आवाज निघाला. 'आपल्याला झालेल्या तसदीबद्दल,' असं काहीतरी.

"ती जिती होती, नि तू सांगलास गेली," ती म्हणाली. "मंग मी मेल्यावर काय सांगशील, बरी झाली?"

वॉर्डातली एकही बाई हसली नाही. मी खिडकीत परत आलो.

रेडिओ बंद करू या, असं मीच डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, ट्रस्टींना काय उत्तर देणार, तुम्ही देणार का. मी देणार नव्हतो. मग ज्यात कोणी मरत नाही असा विषय शोधला. शेती. आमचं घर सापगावात, भाताची शेती पिढ्यान्‌पिढ्यांची, पण मी चिखलात पाय घातला तो फक्त घसरल्यामुळे. तरी मी मोहाच्या फुलांवर बोलायला घेतलं. फुलं झाडावरून अलगद खुडावीत, पाकळीला इजा होऊ देऊ नये, असं सांगत होतो, तोच व्हरांडा ओलांडून, माइकशिवाय, माझ्या खोलीपर्यंत आवाज आला.

"झाडावरशी खुडत्यात? तुझ्या बापानं खुडली होती का? पहाटंला खाली पडत्यात ती येचायची, मेल्या."

बायकांच्या वॉर्डात हशा पिकला. मला झोंबलं. मी माइकवरून म्हणालो, काही श्रोत्यांचा गैरसमज झालेला दिसतो. तिकडून जे उत्तर आलं ते इथे लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी राबावर बोललो. राब म्हणजे पेरणीआधी शेतात शेण, पाला, गवत पसरून जमीन भाजणं. मी सांगितलं, वाऱ्याच्या बाजूने पेटवावा, म्हणजे भरभर जळतो. ती ओरडली, भरभर जाळायला ती काय होळी हाय का, वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवतात, सावकाश भाजला तरच जमीन तापते.

त्या दिवशी बारा वाजून गेल्यावर सिस्टर माझ्या खोलीत आल्या. याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. खुर्ची पुढे केली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, पडल्यापासून तीन दिवस सात नंबरने भिंतीकडे तोंड केलं होतं, घास घेत नव्हती. काल तुम्हाला शिव्या देता देता अर्धी भाकरी खाल्ली. आज अख्खी खाल्ली आणि दुसरी मागितली.

"उद्यापण काहीतरी चुकीचं बोला," त्या म्हणाल्या. "तेवढं जमेल तुम्हाला."

अशी माझी नेमणूक झाली. संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारायचं, नाचणी कशी लावतात, वरीची झोडणी कशी करतात, आणि सकाळी माइकवर बरोब्बर उलटं सांगायचं. आई आधी खूश झाली. मुलगा इतक्या वर्षांनी शेतीचं विचारतोय. मग गावातलं कोणीतरी दवाखान्यात कोणाला तरी बघायला आलं आणि मी काय बरळतो ते आईच्या कानावर गेलं. घराण्याची लाज घालवलीस म्हणून तिने माझ्याशी आठ दिवस अबोला धरला. म्हणजे आता मी घरीही नावडता.

दवाखान्यात मात्र डब्यांवरच्या गोधड्या निघाल्या. पुरुषांनी व्हरांड्याकडचं दार उघडं ठेवायला लावलं, तिची उत्तरं नीट ऐकू यावीत म्हणून. अकरा वाजायच्या आधी लोक चहा संपवून तयार बसायचे. खांदा मोडलेला एक जण तिच्या बाजूने ओरडायचा. दम्याचा एक म्हातारा, ज्याला चार शब्द बोलताना धाप लागायची, तो माझ्या सात पिढ्या मोजायला लागला. मधे श्वास घ्यायला थांबायचा, पण पिढी चुकवायचा नाही. ही थट्टा होती असं कोणी समजू नये. ती बाई डब्याच्या दिशेने थुंकायची. आणि मीही काही संत नव्हतो. सगळ्यांच्या देखत रोज बापाचा उद्धार होतो तेव्हा रात्री भात गोड लागत नाही. एकदा तिची जिरवायची म्हणून मी आईने सांगितलेलं जसंच्या तसं, अगदी बरोबर सांगितलं. ती माझ्या चुकीची वाट बघत राहिली, मग डोळे मिटून पडली. दुपारी सिस्टर खिडकीवर आल्या.

"आज बरोबर बोललात," त्या म्हणाल्या. चोरी पकडल्यासारखं. "तिने ताट परत पाठवलंय."

दुसऱ्या मोजणीचा चौथा आठवडा चालू असताना दीर आला, या वेळी तीन माणसं आणि डोली घेऊन. एक लांब बांबू, त्याला बांधलेली घोंगडी. डॉक्टर मुरबाडला गेले होते. सिस्टरांनी दार अडवलं, पण चौघांपुढे त्यांचं काय चालणार. आणि बाईनेच 'चला' म्हटलं होतं. मी सुप्रभात म्हणण्यासाठी माइकवरचा फडका काढत होतो, तोच सिस्टर धावत खोलीत आल्या.

"नेतायत तिला. बोला काहीतरी."

काय बोलू? माझ्या चुका संपल्या होत्या. नाचणी, वरी, मोह, हिरडा, करवंद, खेकडे, सगळ्यावर मी चुकून बसलो होतो. माइक चालू होता आणि त्यातून फक्त माझा श्वास जात होता. मग जे सुचलं ते बोललो.

"श्रोतेहो, आज एका सहलीच्या ठिकाणाची माहिती. टोकावड्याच्या वरची वाडी. वाट अगदी सोपी, अर्ध्या तासाची. मधे चढ म्हणून कुठे नाही. लंगडं माणूससुद्धा गाणी म्हणत वर पोचेल."

मग उघड्या दारांतून तिचा आवाज आला, आणि नेहमीसारखा ओरडून नाही.

"अर्धा तास?" ती म्हणाली. "अर्ध्या तासात तू पयली नाळपन नाय चढनार."

नाळ म्हणजे पावसाळ्यात पाणी उतरतं ती दगडांची घळ. मग तिने मला ती वाट सांगितली, भिंतीवरच्या डब्याकडे बघत, एकेक टप्पा. नाळ संपली की कातळ, तिथे हात टेकून चढायचं. मग उंबराचं मूळ, ते धरून अंग वर ओढायचं, डोक्यावर ओझं असलं तरी. त्याच्यावर एक धोंडा, एकाच पायाला जागा असलेला.

"तिथं उजवा पाय टाकायचा, नि सगला भार त्याच्यावर..."

ती थांबली. वाळूची पिशवी टांगलेला पाय उजवा होता. मी गप्प राहिलो. मला शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, पुढे बोलायला काही नव्हतं म्हणून.

"भावजी," ती म्हणाली, "डोली परत न्या. आज उचलून वर न्याल मना. मंग मी खाली कशी येऊ?"

दिराने बराच वाद घातला. ती ऐकत नाही म्हटल्यावर तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, कधी टोकावड्याच्या बाजूला दिसलास तर सांगतो. तो गंमत करत नव्हता. पुढे कित्येक दिवस त्या बाजूची एसटी दिसली की मी जवळच्या दुकानात शिरायचो.

सहा आठवडे पुरे झाले आणि पिशवी उतरली. आठ-दहा दिवस काठी घेऊन ती व्हरांड्यात चालली. हाड जुळलं, पण पाय एक बोट आखूड राहिला. डॉक्टरांनी तिला खाटेवर बसवून दोन्ही टाचा शेजारी ठेवून दाखवलं. तिने मला खिडकीतून बोलावून घेतलं. दोन टाचांमधल्या फटीत तिने आपलं आडवं बोट घातलं आणि ते तसंच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"ह्ये येवढं तुझं," ती म्हणाली.

ट्रस्टींनी अहवाल मागितला, की रेडिओमुळे पेशंटना किती उभारी आली. मी लिहिलं, पेशंट पूर्वीपेक्षा जास्त बोलतात, जास्त जेवतात आणि एकमेकांशी एकोप्याने वागतात. कोणाविरुद्ध एकोपा ते लिहिलं नाही. ट्रस्टींनी मला शाल दिली. सिस्टर टाळ्या वाजवायला आल्या नाहीत. त्यांना ड्यूटी होती आणि त्या दिवशी ती त्यांनी फार मन लावून केली. पुढे दोन हजार सालानंतर वॉर्डात टीव्ही आले, डबे उतरले, आणि पेशंट रिमोटवरून आपसात भांडायला लागले. मला कोणी विचारेना.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पोलिओच्या डोसाला माणसं कमी पडली म्हणून मला त्या वाडीवर पाठवलं. खांद्याला लसीची पेटी. नाळेतच माझी जीभ बाहेर आली. कातळाशी बसलो होतो, तर खालून एक बाई डोक्यावर बाजाराचं गाठोडं घेऊन येताना दिसली. चालताना एका अंगाला झुकत होती, पण थांबत नव्हती. मला तिने ओळखलं नाही. मी पाणी मागितलं तेव्हा ओळखलं.

पाणी दिलं नाही. गाठोडं सावरून पुढे झाली. मूळ धरून वर गेली. धोंड्यापाशी तिने डावा पाय टाकला, अंग वळवलं आणि आखूड पाय मागून वर ओढून घेतला. ती रीत तिने स्वतःच बसवलेली दिसत होती. वर उभी राहून ती माझ्याकडे बघायला लागली.

"डावा टाक," ती म्हणाली. "डावा म्हनते ना."

मी उजवा टाकला. गुडघा फुटला, पेटी कशीबशी वाचली. ती माझ्यासाठी थांबली नाही. वाडी येईपर्यंत तिचा आवाज मला वरून ऐकू येत होता. कोण येतंय ते ती घराघराला सांगत होती, आणि त्यात माझ्याबद्दल एकही बरा शब्द नव्हता.